विदर्भ महाविद्यालय, अमरावती : अध्यापकांचे संशोधन आणि विद्यार्थ्यांची वाटचाल

वऱ्हाडात १९२३ पर्यंत पदवीचे शिक्षण देणारे एकही महाविद्यालय नव्हते. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती, अकोला, खामगाव ही गावे भरभराटीला आली होती. अमरावतीत १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशनही भरले होते. परंतु मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे शिकायचे म्हटले की त्याला वऱ्हाड सोडावे लागे. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले, र. न. मुधोळकरही तिथेच. पुढच्या पिढीत पापळ या गावचे पंजाबराव देशमुख १९१८ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि तिथून इंग्लंडला. जवळचे म्हणावे असे ठिकाण नागपूर. तिथे हिस्लॉप आणि मॉरिस ही दोन महाविद्यालये एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून चालू होती. ज्यांच्या घरी शेती बऱ्यापैकी होती किंवा वकिलीचे उत्पन्न होते, त्यांनाच हे परवडे. मोर्शी तालुक्यातल्या किंवा तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या शेतकऱ्याचा मुलगा हुशार असला, तरी त्याचे शिक्षण बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाळेत संपे.

सातव्या एडवर्डचे नाव धारण करणारे किंग एडवर्ड महाविद्यालय अमरावतीत १९२३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावतीचे महाविद्यालय त्या विद्यापीठाच्या पहिल्या महाविद्यालयांपैकी एक ठरले. स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव विदर्भ महाविद्यालय झाले. आजचे नाव शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था असे आहे. गावाच्या तोंडी मात्र ‘व्हीएमव्ही’ हीच तीन अक्षरे बसली आहेत आणि तिथे जाणारा रस्ताही त्याच नावाने ओळखला जातो.

विद्यापीठाच्या गावापासून दूर असलेल्या सरकारी महाविद्यालयाकडून त्या काळात संशोधनाची अपेक्षा फारशी नसे. प्राध्यापकाने नेमलेली पुस्तके शिकवावीत आणि विद्यार्थ्याने परीक्षा उत्तीर्ण व्हावी, एवढेच काम मानले जाई. मोठी ग्रंथालये मुंबई, पुणे आणि कलकत्त्याला होती. असे असूनही या महाविद्यालयाच्या अध्यापकांनी जी कामे हातावेगळी केली, त्यांतली काही भारतीय विद्येच्या अभ्यासात आजही पायाभूत मानली जातात. त्याचे कारण महाविद्यालयाच्या भोवतालच्या प्रदेशात आहे. अमरावतीहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा टापूत कारंज्याची जैन ग्रंथभांडारे होती, रिद्धपूरचे महानुभाव मठ होते, चम्मक आणि वाशीम यांसारखी वाकाटकांच्या ताम्रपटांची गावे होती. साधनसामग्री वऱ्हाडातच पडून होती. ती वाचू शकणारी माणसे १९२३ नंतर पहिल्यांदाच पगारी नोकरीवर, ग्रंथालयासह, तिच्या शेजारी येऊन राहिली.

यात पहिले आणि सर्वांत मोठे नाव डॉ. हिरालाल जैन यांचे. नरसिंहपूर जिल्ह्यातल्या गांगई गावचे हे गृहस्थ अलाहाबादला शिकून १९२५ मध्ये संस्कृतचे प्राध्यापक म्हणून अमरावतीला आले आणि १९४४ पर्यंत इथे राहिले. कारंजा (लाड) इथल्या सेनगण आणि बलात्कारगण या दोन भट्टारकपीठांच्या मंदिरांत हस्तलिखितांचे मोठे संग्रह होते. मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा विद्वानांचे लक्ष या संग्रहांकडे वळले. (सूचीकार हिरालाल कटनीचे, नामसाम्यामुळे दोघांची गल्लत अनेकदा होते.) या संग्रहांत अपभ्रंश भाषेतली काव्ये होती. अपभ्रंश ही प्राकृत आणि आजच्या आर्यभाषा यांच्यामधली पायरी. मराठीचा पूर्वेतिहास शोधणाऱ्याला ती टाळून पुढे जाता येत नाही. तोवर या भाषेतले छापील ग्रंथ मोजकेच होते.

कारंज्याच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून हे साहित्य बाहेर येऊ लागले. मालेतला पहिला ग्रंथ, पुष्पदंत कवीचा ‘जसहरचरिउ’, डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केला. पुढचे तीन हिरालाल जैन यांचे : ‘सावयधम्मदोहा’ १९३२ मध्ये, ‘पाहुडदोहा’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये. याच काळात त्यांनी पुष्पदंताचा ‘णायकुमारचरिउ’ही संपादित केला. चार वर्षांत अपभ्रंशातले इतके ग्रंथ एका जिल्ह्याच्या गावातून शास्त्रशुद्ध पाठांसह प्रसिद्ध व्हावेत, हे त्या काळात अपूर्व होते. यांपैकी ‘करकंडचरिउ’चे संपादन वाचनीय आहे ते त्यातल्या भूगोलामुळे. कनकामर मुनीच्या या काव्यात तेरापूरजवळच्या डोंगरात राजा करकंडूला गुंफा आणि पार्श्वनाथाची मूर्ती सापडल्याची कथा येते. हे तेरापूर म्हणजे आजचे तेर आणि त्या गुंफा म्हणजे धाराशिवची लेणी, असे जैन यांनी काव्यातली वर्णने आणि प्रत्यक्ष स्थळ ताडून दाखवले. काव्याच्या आधारे लेण्याचा आणि लेण्याच्या आधारे काव्याचा अर्थ लावण्याची ही रीत पुढे अनेकांनी उचलली.

त्यांचे आयुष्याचे काम मात्र ‘षट्खंडागम’. दिगंबर जैन परंपरेत हा आगमांचा शिल्लक राहिलेला सर्वांत जुना भाग मानला जातो. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांनी आपल्याजवळचे ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन शिष्यांना दिले आणि त्यांनी ते जैन शौरसेनीत सूत्रबद्ध केले, अशी परंपरा सांगते. (हे पुष्पदंत आचार्य वेगळे; ‘णायकुमारचरिउ’चा कवी पुष्पदंत दहाव्या शतकातला.) या सूत्रांवर वीरसेनाने ‘धवला’ नावाची प्रचंड टीका लिहिली. तिचे परिमाण ७२,००० श्लोकांएवढे. टीकेच्या शेवटी दिलेल्या कालनिर्देशाची गणिते करून जैन यांनी तिची समाप्ती शके ७३८, म्हणजे ८ ऑक्टोबर ८१६ या दिवशी ठरवली. या तिथीवर पुढे वाद झाले, पण चर्चा त्यांनी मांडलेल्या आकड्यांपासूनच सुरू होते.

या ग्रंथाची ताडपत्रे दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या मूडबिद्री इथे होती आणि शतकानुशतके फक्त तिथेच होती. त्यांचे दर्शन घेता येई, वाचन किंवा नक्कल करता येत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खटपट करून नक्कल सुरू करवली. मिरजेचे गजपती उपाध्याय या लेखनकामात होते. त्यांच्या हातून आणि त्यांच्या घरातून कानडी लिपीतली एक प्रत बाहेर गेली, तिच्यावरून देवनागरी प्रती झाल्या आणि त्या उत्तरेत व वऱ्हाडात पोचल्या. म्हणजे हाती असलेली प्रत ही प्रतीची प्रत, आणि तीही घाईत, कधी चोरून केलेली. जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती समोर ठेवून पाठ ठरवायला घेतला. पं. फूलचंद्र सिद्धांतशास्त्री, पं. हीरालाल शास्त्री आणि पं. बालचंद्र शास्त्री हे पंडित या कामात त्यांचे सहकारी होते. विदिशाचे शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला, त्याचे कार्यालय अमरावतीतच होते आणि पहिला भाग १९३९ मध्ये तिथूनच प्रसिद्ध झाला. सोळा भाग पूर्ण व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. तोवर संपादक नागपूरला आणि नंतर बिहारमध्ये वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे संचालक म्हणून गेले होते.

पाठशोधनाची त्यांची काटेकोर पद्धत समजून घ्यायला एक प्रसंग पुरेसा आहे. पहिल्या भागातल्या त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्य-स्त्रीच्या गुणस्थानांची, म्हणजे आत्मोन्नतीच्या पायऱ्यांची, गणना आहे. उपलब्ध प्रतींमध्ये तिथे ‘संजद’ (संयत) हा शब्द नव्हता. टीकेचा ओघ आणि मागचीपुढची सूत्रे पाहता तो असायला हवा, असे संपादकांना दिसले. त्यांनी तो मूळ पाठात न घालता तळटीपेत सुचवला. स्त्रीला संयमाची अवस्था मिळू शकते की नाही, हा दिगंबर-श्वेतांबर वादातला कळीचा प्रश्न असल्यामुळे या एका शब्दावरून समाजात आणि पंडितांत मोठे वादळ उठले, लेख लिहिले गेले, सभा झाल्या. मूडबिद्रीची ताडपत्रे तपासली गेली तेव्हा तो शब्द तिथे होता. प्रत्येक नक्कलकाराच्या हातून जे गळून गेले होते, ते अमरावतीत बसून केवळ संदर्भाच्या आधारे ओळखले गेले होते. पुढच्या भागांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली आणि संपादन अधिक भरवशाचे झाले.

चौथ्या भागाला, १९४२ मध्ये, लखनौ विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी ‘धवला’तल्या गणितावर लेख जोडला. त्यामुळे हा ग्रंथ धर्मशास्त्राच्या अभ्यासकांबरोबरच गणिताच्या इतिहासकारांसाठीही महत्त्वाचा झाला. वीरसेन एखाद्या संख्येचे ‘अर्धच्छेद’ सांगतो, म्हणजे ती संख्या किती वेळा निम्मी करता येते ते. आजच्या भाषेत हा दोन पाया धरून काढलेला लॉगरिदम. ‘वर्गित-संवर्गित’ ही क्रिया म्हणजे संख्येला तिच्याच घातापर्यंत चढवणे. दोनवर ती एकदा केली की चार, दुसऱ्यांदा २५६ आणि तिसऱ्यांदा २५६ चा २५६ वा घात, इतकी अवाढव्य संख्या तीन पावलांत येते. परिघासाठी त्याने दिलेल्या नियमात ३ अधिक १६/११३, म्हणजेच ३५५/११३ हे गुणोत्तर दडलेले आहे आणि ते सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक आहे. नवव्या शतकातल्या दख्खनमध्ये अनंताचे प्रकार मोजण्याइतके गणित होते, हे जगाला कळले ते अमरावतीत छापलेल्या पानांवरून. या महाविद्यालयाच्या इतिहासात याहून अभिमानाची गोष्ट दुसरी सांगता येणार नाही.

हिरालाल जैन यांचे काम संस्कृत-प्राकृताचे. मराठीच्या बाजूने तेवढेच भरीव काम डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी केले. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेल गावी २२ जून १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. मलकापूर, खामगाव आणि नागपूर इथे त्यांचे शिक्षण झाले. वऱ्हाडातच जन्मलेला आणि वऱ्हाडातच शाळा शिकलेला माणूस वऱ्हाडच्या महाविद्यालयात शिकवतो आणि पुढे त्याचा प्राचार्य होतो, ही संस्थेच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. त्यांचे अध्यापन अमरावती आणि नागपूर अशा दोन्ही ठिकाणी झाले. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९६७ मध्ये भोपाळला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

कोलते यांनी निवडलेला विषय महानुभाव पंथाचे वाङ्मय. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूर इथे सिद्ध केला. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या सहवासातल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून, शब्द न शब्द जपून लिहिलेला हा ग्रंथ आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव रिद्धपूर, आद्य मराठी कवयित्री महदंबा हिचे ‘धवळे’ही तिथलेच. पण पंथाने हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्यामुळे ते शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सांकेतिक लिपी उलगडली. त्यानंतर यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे आणि नागपूरचे हरि नारायण नेने यांनी हे साहित्य प्रकाशात आणायला सुरुवात केली. कोलते त्यांच्या नंतरचे, पण विस्ताराने आणि सातत्याने त्यांच्या कितीतरी पुढे गेलेले.

‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ लिहिणाऱ्या भास्करभट्ट बोरीकरावरचा त्यांचा ग्रंथ १९३५ चा. त्यानंतर १९४५ मध्ये ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, १९४८ मध्ये ‘महानुभावांचा आचारधर्म’, १९५२ मध्ये ‘श्रीचक्रधर चरित्र’ अशी ग्रंथांची रांग लागली. चक्रधरांनी जिथे जिथे वास केला त्या गावांची, मंदिरांची, दिशांची नोंद असणारी ‘स्थानपोथी’ त्यांनी संपादित केली. तेराव्या शतकातल्या महाराष्ट्राचा असा तपशीलवार स्थळकोश दुसरा नाही. मंदिर कोणत्या दिशेला तोंड करून आहे, नदी गावाच्या कोणत्या अंगाने वाहते, चौक किती, पायऱ्या कुठे, हे सगळे त्यात आहे. रिद्धपूर, अचलपूर, लोणार, मेहकर असा अर्धा वऱ्हाड तिच्यात वाचता येतो. १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हे त्यांच्या कामाचे शिखर. अनेक पोथ्यांचे पाठ ताडून सिद्ध केलेली ही प्रत यादवकालीन मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर असते. त्या काळातले लोक काय खात, कसे भांडत, बाजारात काय विकत, बाया एकमेकींशी काय बोलत, हे मराठीत इतक्या जिवंतपणे दुसरीकडे कुठेच सापडत नाही, आणि त्यातली कितीतरी बोली वऱ्हाडच्या खेड्यांत आजही ऐकू येते.

कोलते यांचे यश पांडित्याइतकेच चिकाटीचे आहे. पोथ्या मठांत होत्या, मठ महंतांच्या ताब्यात होते, आणि पंथाबाहेरच्या माणसाला पोथी दाखवायची की नाही हा विश्वासाचा प्रश्न होता. हा विश्वास एका भेटीत मिळत नाही. जवळच्या गावी वर्षानुवर्षे राहणाऱ्या, वारंवार जाऊन बसणाऱ्या माणसालाच तो मिळतो. ताम्रपट आणि शिलालेखांवरचे त्यांचे लेखनही याच पद्धतीचे आहे; उतारवयात, १९८७ मध्ये, त्यांनी ‘महाराष्ट्रातील काही ताम्रपट व शिलालेख’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा या महाविद्यालयाशी संबंध थोड्या वर्षांचा. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातली दीर्घ सेवा संपवून ते १९४७ ते १९५० या काळात अमरावतीत प्राचार्य होते. त्यांच्या संशोधनाचे श्रेय अमरावतीने एकटीने घ्यावे असे नाही. तरी त्यांच्या आवडीचा विषय, वाकाटक राजवंश, या भूमीचाच होता. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केला होता. भोजकट राज्यातले चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा हा लेख. त्यात एक अट आहे : दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी किंवा व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये; तसे झाल्यास राजाने गाव परत घेतले तरी ती चोरी ठरणार नाही. दानपत्रांत अशी स्पष्ट अट विरळ.

वाशीमला १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि वाकाटकांच्या इतिहासाचे चित्र पालटले. राज्यवर्ष ३७ चा हा लेख वंशावळीपुरता संस्कृतात आणि पुढे प्राकृतात आहे. तोवर अभ्यासकांना एकच वाकाटक घराणे ठाऊक होते. या पटामुळे वत्सगुल्म म्हणजे वाशीम इथे राज्य करणारी दुसरी शाखा असल्याचे सिद्ध झाले. मिराशी यांनी त्याचा सांगोपांग अभ्यास केला आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा लेख या शाखेशी जोडून वाचला. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५७ चा; वाकाटकांच्या कोरीव लेखांचा इंग्रजी खंड १९६३ मध्ये निघाला. त्याआधीचा कलचुरी-चेदी लेखांचा खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सगळीच मते टिकली असे नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार हे त्यांचे मत मनसरच्या उत्खननानंतर अनेकांनी सोडले. पण विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची कालरेषा आजही बऱ्याच अंशी मिराशी यांचीच आहे.

विज्ञान शाखेचे संशोधन वेगळ्या वाटेने वाढले. मानव्यशास्त्रांत एकेका अध्यापकाच्या हातून मोठा ग्रंथ झाला. इथे पिढ्यांनी मिळून एकच विषय पुढे नेला. रसायनशास्त्र विभागात चाल्कोन आणि फ्लेव्होन या संयुगांवर दीर्घकाळ काम झाले. फ्लेव्होन म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यांचे कूळ. हायड्रॉक्सी ॲसिटोफेनोन आणि ॲरोमॅटिक आल्डिहाइड यांच्या संयोगातून आधी चाल्कोन बनते, मग त्याचे वलय बंद करून फ्लेव्होन मिळवता येते. वलय बंद करण्याच्या पद्धती, हॅलोजनांची अभिक्रिया, मूळ रेणूवरचे गट बदलले की उत्पादन कसे बदलते, असे प्रश्न एकामागून एक हाताळले गेले. महागड्या उपकरणांवाचून होणारे हे रसायन आहे : गोल बुडाचा चंबू, पाण्याचे कंडेन्सर, वितळबिंदू मोजण्याचे साधे यंत्र आणि भरपूर वेळ एवढ्यावर सुरुवात होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेने आपल्या ऐपतीत बसणारा पण संपून न जाणारा विषय निवडला, हा निर्णय शहाणपणाचा होता.

विद्यार्थ्यांची कामगिरी मोजायला परीक्षांच्या गुणवत्ता याद्या अपुऱ्या पडतात. पहिल्या तीन दशकांत इथून बाहेर पडलेल्या पदवीधरांपुढे मुख्यतः वकिली, महसूल खाते आणि शिक्षकी असे तीन मार्ग होते. यांपैकी तिसऱ्याचा परिणाम वऱ्हाडावर सर्वांत खोल झाला. पंजाबराव देशमुखांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली, गावोगाव माध्यमिक शाळा निघू लागल्या आणि त्यांना पदवीधर शिक्षक लागू लागले. १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजी महाविद्यालय निघाले, पुढच्या वर्षी खामगावला महाविद्यालय झाले, नंतर अकोला आणि यवतमाळलाही. शाळा आणि महाविद्यालये वाढत गेली तसा पदवी झालेल्या तरुणांना जिल्ह्यातच शिकवण्याचा मार्ग खुला झाला. हिवरखेडसारख्या गावच्या मुलाला आता नागपूर गाठायची गरज उरली नाही; अमरावतीची किंवा अकोल्याची बस पुरेशी झाली. पूर्वी जे शिक्षण घरची मिळकत पाहून ठरे, ते मुलाच्या आणि हळूहळू मुलीच्याही इच्छेवर ठरू लागले.

साहित्याच्या क्षेत्रात अमरावतीत शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत ठळक नाव सुरेश भट यांचे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीतच जन्मलेले, लहानपणी पोलिओने पाय अधू झालेले भट १९५५ मध्ये बी. ए. झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘रूपगंधा’ १९६१ चा. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये आणि ‘एल्गार’ १९८३ मध्ये आला. मराठीत गझल माधव ज्यूलियन यांच्यापासून लिहिली जात होती. परंतु रदीफ, काफिया आणि अलामत या गझलेच्या यमकरचनेच्या नियमांचे बंधन पाळूनही मराठी बोलीचा नैसर्गिक ओघ तिच्यात टिकतो, हे भटांनी सिद्ध केले. नव्या कवींसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका लिहिली आणि ती मागेल त्याला पाठवली. कितीतरी तरुण वृत्त आणि काफिया या पुस्तिकेवरून शिकले. वर्ग न घेता केलेले हे अध्यापन महाविद्यालयाच्या कोणत्याही अहवालात नोंदले गेले नसले, तरी मराठी कवितेत त्याचे परिणाम स्पष्ट दिसतात.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातल्या महाविद्यालयांचा नागपूरशी असलेला साठ वर्षांचा संबंध संपला. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. विदर्भ महाविद्यालय त्याला संलग्न झाले आणि नंतर स्वायत्त संस्था बनले. पीएच. डी.चे संशोधन आता जिल्ह्यातच नोंदवता येऊ लागले, त्यामुळे नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकांची संख्या वाढली. विषयही बदलले : लोणारच्या खारट सरोवरातले सूक्ष्मजीव, मेळघाटातल्या वनस्पती, कोरकू बोली, खारपाणपट्ट्यातले पाणी. साधने मात्र पूर्वीसारखीच जवळची आहेत.

जुन्या कामांचे आयुष्य अजून चालू आहे. ‘षट्खंडागम’चे अमरावतीत निघालेले भाग सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने पुन्हा छापले असून अभ्यासक आजही त्याच पाठावर काम करतात. सहावा खंड ‘महाबंध’ भारतीय ज्ञानपीठाने सात भागांत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. कारंज्याच्या अपभ्रंश ग्रंथांच्या पुढे नव्या आवृत्त्या झाल्या. कोलते यांनी ज्या गावच्या पोथ्यांवर आयुष्य वेचले, त्या रिद्धपूर इथे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. मोर्शी तालुक्यातल्या विद्यार्थ्याला ‘लीळाचरित्र’ शिकण्यासाठी आता अमरावतीपर्यंतही जावे लागत नाही. तालुक्यातच ते शिकवले जाते आणि हाताशी असते ती १९७८ ची कोलते यांची प्रत.